आमच्याकडं त्याला माल म्हणायचे

“आत्या, हिचा डोळा बघा! आधी डोळा बघा हिचा!” एवढंच मी ओरडत होते, आणि आत्यांना वाटलं पोरीच्या डोळ्यात कचरा गेलाय, म्हणून त्या पदराचा बोळा करून फुंकर मारायला पुढं पुढं येत होत्या आणि मी तनूला छातीशी धरून मागं मागं सरकत होते, कारण डोळ्यात कचरा नव्हता. तिच्या उजव्या डोळ्यातली बाहुली एवढी मोठी झाली होती की डोळ्याचा तपकिरी रंगच उरला नव्हता, नुसतं काळं, विहिरीत वाकून बघितल्यासारखं. डावा डोळा नेहमीपेक्षा जरा मोठा वाटत होता, पण तो तरी माझ्या लेकीचा होता. उजवा कुणाचा होता मला कळेना. अंग तव्यासारखं तापलेलं, गाल लालबुंद, आणि घामाचा थेंब नाही. रडत होती पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. तोंडाचा आ वासलेला, जीभ कोरडी खरखरीत, छातीला लावली तर तोंड फिरवायची. आणि हात, तिचे ते इवलेसे हात हवेत काहीतरी धरायला जात होते, जिथं काहीच नव्हतं. मी खाली बघितलं, वर बघितलं, छतावर पाल आहे का म्हणून सुद्धा बघितलं. काही नव्हतं.

हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की सांगून सांगून माझ्या तोंडाला कोरड पडली. आणि ऐकून झालं की प्रत्येक जण एकच विचारतो, “मग आधी का नाही सांगितलंस?” नर्सनं विचारलं, नणंदेनं फोनवरून विचारलं, कंपनीच्या सरांनी तर बोट नाचवून विचारलं. म्हणून आता लिहूनच काढते. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. पण हे माझ्या मनाला येईल तसं सांगणार, मधे कुणी बोलायचं नाही.

तेव्हा आम्ही तळवड्यात राहायचो, एका ओळीत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं पुण्याजवळ म्हणजे काय काय असेल. इथं आले तर सकाळी पहिल्या शिफ्टच्या बसचे हॉर्न, मग प्रेसच्या मशीनचा धाड धाड आवाज, तो भिंतीतून येतो, फळीवरची भांडी किणकिण करतात. गावाकडं बैलाच्या घंटेनं जाग यायची, इथं भांड्यांच्या किणकिणीनं. माझा नवरा राहुल चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, आणि घरात आम्ही दोघी, मी आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. तनू झाली आणि घर भरलं. छताच्या पाइपाला आत्यांची जुनी जांभळी साडी बांधून झोळी केली होती, आणि स्वयंपाक करताना पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोका द्यायची मी. एका हातानं धपाटे थापायचे, पायानं झोका, आणि कान कुकरच्या शिट्टीकडं. आत्या म्हणायच्या, “कोमल, तुला देवानं अजून दोन हात द्यायला पायजे होते बग.” मी म्हणायचे, “आत्या, चार झाले असते तर तुम्ही सहाचं काम सांगितलं असतं.” मग हसायच्या. तेव्हा हसत होतो आम्ही.

तनू बसायला लागली तसं मी कामाला लागले. घरापासून चालत जाण्यासारखी छोटी कंपनी, बाहेरून गोडाऊन वाटावं अशी. आत मात्र पांढऱ्या फरशा, एसी, भिंतीवर इंग्रजी बोर्ड. आम्ही बायका एका काचेच्या खोलीत बसायचो, पांढरी पावडर चाळायची, मापून पिशवीत भरायची, पिशवी पांढऱ्या डब्यात आणि डब्याला निळं झाकण. त्या पावडरीला आमच्याकडं माल म्हणायचे. “माल आला”, “माल चाळा”, “माल सांडू नका गं बायांनो”. हा माल पुढं कुठल्या तरी मोठ्या कंपनीत जातो आणि त्याचे डोळ्यांत घालायचे थेंब होतात, एवढं आम्हाला माहीत होतं. मला तर अभिमानच होता. गावाकडं आईला फोनवर सांगितलं, मी डोळ्यांच्या कामात आहे. आईला वाटलं मी दवाखान्यातच लागले.

बोर्डावर हातमोजे, चष्मा आणि मास्कचं चित्र होतं. हातमोजे मिळायचे, पण एकच जोड, फाटेपर्यंत वापरायचा, आणि घाम आला की आत ओला होऊन बोटांना चिकटायचा. चष्मा होता, त्याच्यावर वाफ जमायची. वाफ जमली की काही दिसेना, म्हणून तो कपाळावर. जगताप सर, म्हणजे आमचे सुपरवायझर, कुणी पाहुणे येणार असले की काचेवर टकटक करायचे आणि आम्ही सगळ्या पटकन चष्मे खाली ओढायचो, पाहुणे गेले की परत वर. एकदा सगळ्यांत मोठ्या नसरीन भाभींनी विचारलं होतं, “सर, ह्यानं घसा लई कोरडा पडतो, डोळ्यांपुढं धुरकट होतं.” सर म्हणाले, “भाभी, डोळ्यांसाठीच बनवतात ते, डोळ्यांना काय करणार? पाणी प्या जरा.” आम्ही पाणी प्यायलो. आम्ही सगळ्या दिवसभर पाणीच प्यायचो, आणि तरी ओठ चिकटायचे.

आणि दिसायचं कमी. लांबचं बरं दिसायचं, हातातलं नाही. सुईत दोरा जाईना, मोबाइलवरचं वाचायला हात लांब करावा लागायचा. उन्हात बाहेर पडलं की डोळे गच्च मिटायचे. नसरीन भाभी तिशीतल्या, मी विशीतली, आणि दोघी दाराकडं तोंड करून, मोबाइल हातभर लांब धरून, मान मागं घेऊन बसायचो. भाभी म्हणायच्या, “चल गं म्हातारे, आपल्याला काठी घेऊ एकेक.” डोळे मोठे मोठे, काळेभोर दिसायचे आमचे. राहुल म्हणायचा, “आजकाल लई भारी दिसतेस, काजळ लावतेस का?” मी लाजायचे. आता आठवलं की अंगावर काटा येतो, मी लाजायचे.

दिवाळीला इतर कंपन्यांत बायकांना काय काय मिळालं, आमच्याकडं मिठाईचा पुडा आणि एकेक रिकामा डबा. तोच, पांढरा, निळ्या झाकणाचा. तुम्ही हसाल, पण आमच्यात त्या डब्यांसाठी झोंबाझोंबी झाली. तसलं जाड प्लास्टिक बाजारात मिळत नाही, झाकण असं बसतं की मुंगीला वाट नाही. जगताप सरांनी स्वतः उभं राहून वाटले. “माल पिशवीत असतो, डब्याला लागत पण नाही, बिनधास्त वापरा.” कुणी तांदूळ भरले, कुणी पाणी. नसरीन भाभींनी गव्हाचं पीठ. मी साबण लावून, घासून, पत्र्यावर उन्हात वाळवून त्यात तनूची दुपटी, कुंची, स्वेटर ठेवले. बाहेरचा कागद मी नखानं खरडून काढला होता, शोभा जाते म्हणून. शेजारणी बघायला यायच्या. “कंपनीचा आहे होय?” विचारायच्या, आणि मी मान डोलवायची.

आता त्या गुरुवारचं सांगते. इथं एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, आमचा रविवार गुरुवारी येतो. प्रेसचा धाड धाड आवाज बंद, भांडी गप्प. मला गुरुवार फार आवडायचा, कारण दिवसभर तनू माझी. राहुल मात्र ओव्हरटाइमला गेला होता. थंडी सुटायला लागलेली, म्हणून आत्यांनी आदल्या दिवशी डब्यातून स्वेटर काढला, आणि झाकण उघडताना त्याच्या आतली रबराची रिंग निघून हातात आली. गोल, मऊ, लाल. तनूला दात येत होते, दिसेल ते चावायची, माझं बोट, झोळीची दोरी, सगळं. आत्यांनी ती रिंग लाल दोऱ्यात ओवून झोळीला बांधली. खेळणं झालं. सकाळी मी धपाट्याचं पीठ मळत होते, शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलेली, आणि तनू झोळीत पडून त्या रिंगशी गप्पा मारत होती. रिंग तोंडात, रिंग डोळ्यावर, रिंग नाकावर. आत्या म्हणाल्या, “बग कशी गुंतलीय, आज तुला त्रास न्हाई देत.” मी म्हणाले, “रोज बांधा मग.”

मग ती फार गप्प झाली आणि मग ते डोळ्याचं.

शेजारच्या गायकवाड काकांची रिक्षा दारातच उभी होती. काकांनी बनियनवरच स्टार्टर मारला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळ्या कंपन्यांची गेटं बंद, आणि आत्या एका बाजूनं “कुणाची नजर लागली” म्हणत होत्या आणि मी राहुलला फोन लावत होते. फोनवरचं नाव मला दिसेना, अंदाजानं अंगठा दाबायचे, तो भलतीकडंच लागायचा. एकदा गॅसवाल्याला लागला. तो म्हणतोय, “बोला ताई, नंबर लावायचाय का?” आणि मी रडतेय.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. केस घट्ट बांधलेले, आवाज चढत नव्हता, पण हात भराभरा चालायचे. त्यांनी तनूच्या डोळ्यावर बॅटरी मारली. डावी बाहुली जराशी हलली, उजवी हललीच नाही. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही मारली. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले.

“ताई, पडली का ही?”

“नाही मॅडम.”

“झोळीतून? कॉटवरून? कुणाच्या हातातून?”

“नाही हो, नाही पडली.”

“घाबरू नका, खरं सांगा. डोक्याला मार लागला की एक बाहुली अशी मोठी होते. आम्हाला कळलं तर लवकर काही करता येईल.”

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं मी पीठ मळताना ह्यांच्या हातून पडली का? आणि आत्या माझ्याकडं बघत होत्या, त्यांच्याही डोळ्यांत तेच. आम्ही दोघी दोन वर्षं एका ताटात जेवलो आणि त्या एका क्षणात दोघींनी एकमेकींवर संशय घेतला. आत्या हळूच म्हणाल्या, “पोरी, पडली असंल तर सांग गं, मी राहुलला न्हाई सांगणार.” मला असा राग आला! पण रागवायला वेळ कुठं होता.

मग मॅडमनी विचारलं, “घरात काही औषध वगैरे आहे का? तिच्या पोटात गेलं असेल असं?”

आणि मी म्हणाले, “नाही! आमच्या घरात औषध नाही! आम्ही तसले लोक नाही मॅडम!”

इथंच सगळे मला थांबवतात. “अगं पण तू तर औषधाच्या कंपनीत!” थांबा जरा. मधे बोलायचं नाही असं ठरलंय.

आमच्या गावाकडं औषध म्हणजे काय ते सांगते. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. खोकल्याचं असतं ते “बाटली”, तापाची असते ती “गोळी”. औषध म्हटलं की ते एकच, कुलुपात ठेवायचं. आमच्या गल्लीत एक नवी सून होती, मला गजरा करायला शिकवायची. एका दुपारी “औषध घेतलं, औषध घेतलं” असा आरडाओरडा झाला, तिला जीपमधून दवाखान्यात नेली. तिथं डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात औषध होतं का, कुणी दिलं का. सासू हो म्हणाली. मग पोलीस आले. ती सून वाचली, पण त्या सासूला ठाण्यावर बसवून ठेवलेलं मी बघितलंय, पदर तोंडात कोंबून. मी तेव्हा शाळेच्या फ्रॉकात होते. दवाखान्यात कुणी औषधाचं विचारलं तर त्याचा अर्थ काय असतो, हे मी तेव्हाच शिकले, पुस्तकात नाही शिकले. आता माझं लेकरू तापानं फणफणलंय, माझी सासू शेजारी उभी आहे, आणि पांढऱ्या कोटातली बाई मला विचारतेय, घरात औषध आहे का. मी काय म्हणणार?

आणि कंपनीत होता तो माल होता. कुणीही, कधीही, एकदाही त्याला औषध म्हटलं नव्हतं.

मॅडमनी मान हलवली आणि दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला लागल्या. मला तुकडे तुकडे कळत होते. डोक्याचा फोटो काढायचा. मेंदूला सूज असेल. मणक्यात सुई घालून पाणी काढून बघायचं. रक्त साकळलं असेल तर डोक्याचं ऑपरेशन होतं तिथं हलवायचं. त्यांनी तनूचा हात दाबून सुईसाठी शीर शोधायला घेतली, तिला रडायलाही येईना, नुसता घोगरा आवाज. लंगोट सकाळपासून कोरडा आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी सांगितलं, तर नर्स म्हणाली, “आधी का नाही सांगितलं?”

“मिस्टरांना बोलवा,” मॅडम म्हणाल्या. “नंबर द्या, आम्ही लावतो. पाठ नाही? मग फोनमधून सांगा.”

मी मोबाइल काढला. हात लांब केला. मान मागं घेतली. तरी दिसेना, म्हणून अजून मागं झाले, तर पाठ भिंतीला टेकली. मी म्हणाले, “मॅडम, तुम्ही वाचता का? मला वाचता येतं, पण दिसत नाही.”

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

“वय काय तुमचं?”

“वीस.”

“विसाव्या वर्षी मोबाइल एवढा लांब धरता? इकडं या. वर बघा. लाइटकडं.”

त्यांनी माझ्या डोळ्यावर बॅटरी मारली. मी डोळे मिटून घेतले, त्यांनी बोटानं पापणी वर धरली. आधी एका डोळ्यावर, मग दुसऱ्या. आणि दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, “अहो, ह्यांच्याही बाहुल्या मोठ्या आहेत.” मग माझ्या मनगटाला हात लावला. “तोंड कोरडं पडतं का?” मी हो म्हणाले. “छाती धडधडते?” हो. “ताई, तुम्ही काम काय करता?”

“माल चाळते.”

“कसला माल?”

“पावडर. पांढरी. डोळ्यांचे थेंब करतात त्याची.”

मॅडमनी हातातलं सगळं खाली ठेवलं. “मघाशी तुम्ही म्हणालात औषध नाही!”

“ते औषध कुठंय मॅडम? तो तर माल आहे.”

त्या एकदम चिडल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर दुवा देईन. त्यांनी एवढंच विचारलं, “नाव काय त्या पावडरचं?” आणि मला नाव माहीत नव्हतं. मी ती हातानं चाळत होते, नाकानं ओढत होते, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. डब्यावरचा कागद तर मीच खरडून टाकलेला. मॅडम म्हणाल्या, “माझा अंदाज आहे, पण नाव पक्कं कळलं तर मणक्यातली सुई थांबवता येईल. उगीच लहान बाळाला टोचायचं नाही मला. सुपरवायझरला विचारा.”

जगताप सरांना नर्सनं फोन लावून दिला. मागं टीव्हीवर मॅच चाललेली.

“सर, मी कोमल. माझी मुलगी दवाखान्यात आहे. आपल्या मालाचं नाव काय आहे?”

“कशाला?”

“डॉक्टर विचारतायत. तिला बाधलंय.”

“अगं आपला माल गेटच्या बाहेर जातच नाही, तिला कसा बाधेल? पोरांना ताप येतो, दात येताना येतो. उगाच कंपनीचं नाव घेऊ नकोस.”

“सर, फक्त नाव सांगा.”

“नाव असं फोनवर सांगता येत नाही. साहेबांना विचारावं लागेल. उद्या बघू.”

उद्या! मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला, तोवर तो बंद झाला होता. परत लावला, उचलला नाही. त्या काय पुटपुटल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मला बरं वाटलं.

मग मला नसरीन भाभी आठवल्या. त्यांनी डब्यावरचा कागद काढला नव्हता. उलट वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, कंपनीचं नाव दिसावं म्हणून. नर्सनं फोन लावला, आवाज मोठा केला. मी एका दमात सगळं सांगितलं. भाभींनी एकही प्रश्न विचारला नाही. भांडी सरकवल्याचा आवाज आला.

“हां, डबा आणला पुढ्यात. थांब. अगं दिसत नाही मला. बारीक आहे. थांब, दारापर्यंत मागं जाते.” चपलांचा आवाज. “अजून नाही. बाहेर जाते. ए पोरा, डबा उंबऱ्यावर ठेव रे, माझ्याकडं तोंड करून. हां. आता दिसतंय. इंग्लिश आहे. अक्षरं सांगू?”

“सांगा, सांगा,” मॅडम फोनवर वाकल्या.

“ए. टी. आर. ओ.”

“ॲट्रोपिन. बाहुली मोठी करायचं औषध,” मॅडम म्हणाल्या.

“पुढं पी आहे. बरोबर. खाली लाल चौकोनात हाडांची खोपडी आहे. ही तर मी कधी बघितलीच नाही, कागदाची ही बाजू शेगडीकडं असते.” मग झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात म्हणाल्या, “कोमल, अगं ह्यात माझं पीठ आहे.”

मॅडम म्हणाल्या, “ताई, ते पीठ कुणी खाऊ नका. गाई-कुत्र्यांनाही घालू नका. घरात सगळ्यांना कसं आहे? डोळे बघा एकमेकांचे. काही वाटलं तर सगळे इथं या.”

मणक्यातली सुई टळली. तनूला ओल्या कापडांनी पुसून पुसून ताप उतरवला, नळी घालून लघवी काढली, सलाइन लावलं, खिडकीला चादर लावून खोली अंधारी केली, कारण उजेड तिला टोचत होता. छातीला मशीन, ती टिकटिक भराभरा चाललेली, मी तिच्याबरोबर श्वास घेत होते. राहुल चाकणहून आला तो कंपनीच्या निळ्या शर्टातच, ग्रीसचे हात घेऊन. मॅडमनी त्याला दारातच अडवलं, आधी हात धुवायला लावले. मलाही. आंघोळ करून, कपडे बदलून ये, मगच मुलीला हात लाव, म्हणाल्या. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. की कामावरचे कपडे कामावरच राहू दे. डोळ्याला हात नको, हात धुतल्याशिवाय पोरीला पाजायचं नाही. सांडलेलं झाडूनं झाडायचं नाही, उडतं ते, ओल्या फडक्यानं टिपायचं. डबे मोडून टाकायचे, घरात न्यायचे नाहीत, कितीही धुतले तरी. “थेंबात असतं ते चिमटीच्या चिमटीइतकंही नसतं,” मॅडम म्हणाल्या, “आणि तुम्ही ते घमेल्यानं चाळता.” मग मी झोळीतल्या रिंगचं सांगितलं, ती उजव्या डोळ्याला चोळली गेली असणार म्हणून तोच एवढा मोठा, असं मॅडम म्हणाल्या. डब्याच्या झाकणात रिंगखालच्या खाचेत पांढरी रेघ होती, पुसट. राहुलनं घरी जाऊन बघितली. साबण तिथं पोचलाच नव्हता.

“रिंग हिला कुणी दिली?” नर्सनं विचारलं. आत्यांनी पदर तोंडात कोंबला. अगदी तसाच, गावाकडच्या त्या सासूसारखा. मी म्हणाले, “तिनंच ओढून घेतली.” आत्यांनी त्यानंतर कित्येक महिने मला एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं. भांडा की माझ्याशी, म्हणावंसं वाटायचं.

तनूचा ताप एका दिवसात उतरला, डोळा मात्र बरेच दिवस तसाच काळा राहिला. मी रोज सकाळी तिला दाराशी नेऊन बाहुली बारीक होते का बघायचे. मला तरी नीट कुठं दिसत होतं? आधी माझे डोळे सुधारले, मग तिचा सुधारताना मला दिसला.

जगताप सर दवाखान्यात आले होते, सफरचंदं घेऊन. कॉटपाशी उभं राहून, हळू आवाजात, पण बोट नाचवत म्हणाले, “डबे कंपनीनं दिले नव्हते. तुम्ही बायकांनी मागून नेले. आणि त्रास होत होता तर आधी का नाही सांगितलं?” नसरीन भाभी तिथंच होत्या, घरच्यांचे डोळे दाखवायला आलेल्या. त्या म्हणाल्या, “सांगितलं होतं सर. तुम्ही पाणी प्या म्हणालात.” सर म्हणाले, “भाभी, तुम्ही मधे बोलू नका.” भाभी म्हणाल्या, “मी दाराबाहेर उभी राहून बोलू का? मला लांबूनच नीट दिसतं.” सफरचंदं आम्ही खाल्ली नाहीत. का कुणास ठाऊक, त्यांनाही हात लावावासा वाटेना.

घरी आल्यावर मी डबा मिळालेल्या प्रत्येकीच्या घरी गेले. डबा फेकून द्या म्हणून सांगितलं. काहींनी फेकला. काहींनी माझ्यासमोर परत एकदा साबणानं धुतला आणि परत तांदूळ भरले. “इतके दिवस काय नाही झालं, तुझ्याच पोरीला कसं झालं?” एक जण म्हणाली. मी तिच्याशी भांडले, तिच्या डब्याला लाथ मारली, तांदूळ सांडले, लोक जमले. राहुलनं मला ओढत घरी आणलं. मी परत त्या काचेच्या खोलीत गेले नाही. नसरीन भाभी गेल्या, त्यांना जावंच लागलं, पण चष्मा खाली ओढून, आणि कुणी कपाळावर घेतला की तिच्या टाळक्यात टपली मारून. आता म्हणे तिथं आंघोळीची सोय झालीय, कपडे तिथंच धुतात. माझ्या तनूवरून झाली असेल का? कुणी सांगत नाही.

तनू आता शाळेत जाते. दोन्ही डोळे एकसारखे, तपकिरी, बापासारखे. परवा तिला ताप आला तेव्हा मी म्हणाले, “चल, औषध घे,” आणि म्हणून झाल्यावर बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. तिला काय त्याचं, तिनं तोंड वाकडं करून बाटलीतलं गुलाबी औषध गिळलं. तिला औषध म्हणजे गुलाबी, गोड, चमच्यातलं.

मला मात्र सगळे अजून तेच विचारतात. आता मी तुम्हाला विचारते. तुमच्या मांडीवर लेकरू तापलंय, त्याच्या डोळ्यातली बाहुली सगळा डोळा गिळून बसलीय, शेजारी सासू उभी आहे, आणि ज्या गावात तुम्ही वाढलात तिथं हा प्रश्न विचारला की मागून पोलीस येतात. पांढऱ्या कोटातली बाई तुम्हाला विचारते, घरात औषध आहे का. आणि तुमच्या घरात आहे तो फक्त एक पांढरा डबा, ज्यात कधीकाळी माल होता.

तुम्ही काय सांगितलं असतं?